बिनवारशाचं घर

१

रविवारी गोकुळला कंपनीची सुट्टी असायची, आणि रविवारी कुठं जायचं ते ज्याची पाळी असेल त्यानं सांगायचं, असा त्या घराचा रिवाज होता. लेकीची, सोनियाची पाळी आली की बाग. गोकुळची आली की ढाबा. गोकुळच्या बापाची, पुंजारामची आली की पैठण, कारण त्याला दुसरं काही सुचायचं नाही. त्या रविवारी पाळी तनुजाची होती.

तनुजा गारखेड्याच्या एका शाळेत मराठी शिकवायची. धोंडिबा मास्तरांचा वासराचा धडा ती दरवर्षी शिकवायची आणि दरवर्षी वर्गातलं कुणी ना कुणी रडायचं. मास्तर निजामाच्या काळातले लेखक. त्यांचं घर बिडकीनच्या पुढं एका खेड्यात होतं आणि आता लोकांना बघायला खुलं होतं.

"जगाच्या बायका खरेदीला जातात," गोकुळ गाडी पुसता पुसता म्हणाला. "आमची मेलेल्या मास्तराच्या घरी चालली."

"तुम्ही नका येऊ. मी आन् मामा जातो." सासऱ्याला ती मामा म्हणायची.

"तसं नाय. डब्यात काय हाय ते आधी सांगा."

"धपाटे. दही. ठेचा."

"मग मास्तरांचे लई उपकार झाले. बसा."

पुंजाराम पुढच्या सीटवर बसला. त्याचे गुडघे मागं मावत नसत. सारा जन्म त्यानं रोपवाटिकेत झाडांना पाणी घातलं होतं, आणि बोलणंही तसंच, थेंबाथेंबानं. दादांचं एक वाक्य पुरं होईस्तोवर सिग्नल दोनदा सुटतो, असं गोकुळ म्हणायचा. पुंजारामनं कधी कुणावर हात उगारला नव्हता. कुठं भांडण लागलं की तो उठायचा आणि बाहेर जाऊन कुंड्यांना पाणी घालत बसायचा. लोक म्हणायचे, गरीब स्वभाव. तोही तसंच समजायचा.

पोरगा बापावर गेला होता, फक्त त्याला हसवता यायचं. तनुजाची सकाळची शाळा म्हणून तो तिच्या आधी उठून चहा टाकायचा. रात्रपाळी करून आला तरी टाकायचा. ते बघून पुंजारामला बरं वाटायचं. आपल्या हातून एवढं तरी नीट झालं, असं वाटायचं.

२

घर माळवदाचं होतं. दगडी भिंती, वर मातीचं धाबं, पुढं सारवलेलं अंगण आणि एक लिंबाचं झाड. पडकं बिडकं काही नाही. भिंतींना ताजा चुना होता. झाडाला शेळीचं एक करडू बांधलं होतं. सोनिया गाडीतून उतरली ती थेट त्याच्याकडंच पळाली.

ओसरीवर पांढऱ्या धोतरातला एक म्हातारा वाट बघत असल्यासारखा उभा होता.

"या. मी सांडू. घर मीच बघतो. मास्तर आमचे जावई, आमच्या आत्याचे मालक."

"मास्तरांना मुलं नव्हती ना?" तनुजानं विचारलं. तिनं ते वाचलेलं होतं.

"नाय. बिनवारशाचं घर हाय." त्यानं आतून एक ताट आणलं. ताटात पांढरी टोपी, टॉवेल आणि नारळ. "पाव्हण्याला आहेर केल्याबिगर आत न्यायचं नाय, अशी आमची रीत हाय. मोठे कोण? तुम्ही बसा."

तो पुंजारामकडं बघत होता. पुंजारामला लाजल्यासारखं झालं. मानपान त्याला कधी झेपला नाही.

"मला कशाला? पोराला घाला. आता तोच घरचा कर्ता हाय," तो म्हणाला आणि त्यानं गोकुळला पाठीवर हात ठेवून पुढं केलं.

सांडूनं जरा थांबून गोकुळकडं पाहिलं. मग पाट मांडला. गोकुळ पाटावर बसला आणि बायकोकडं बघून मिशीला पीळ देण्याचं सोंग केलं. सोनिया हसली. तनुजानं फोटो काढला. सांडूनं टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला, नारळ ओंजळीत दिला.

पुंजारामच्या डोळ्यांत काहीतरी खुपलं. कुंकू कुठं होतं? आहेर करायचा तर आधी कपाळाला बोट लावतात. आणि सकाळचं ऊन गोकुळच्या डाव्या गालावर पडलं होतं. म्हणजे त्याचं तोंड दक्षिणेला होतं. असं दक्षिणेला तोंड करून, बिनकुंकवाचं, पुंजारामला एकदाच बसवलं होतं. बाप वारला त्याच्या तेराव्याला. त्याही दिवशी टोपी सासरकडच्या सोयऱ्यांनीच घातली होती. मेलेल्याची जागा ज्यानं घ्यायची त्याला घालतात ती.

म्हातारा माणूस आहे, कुंकू विसरला असेल, तो मनाशी म्हणाला. दिशेचं भान कुणाला राहतं? आणि आहेराला नाही कसं म्हणायचं? तो काही बोलला नाही.

"चला मालक," सांडू गोकुळला म्हणाला. "घर बघा."

३

आत एकामागं एक तीन खोल्या होत्या. पहिलीत मास्तरांचं मेज, खुर्ची, चष्मा, भिंतीवर फोटो. दुसरीत चूल, पाटा आणि कोपऱ्यात टेकून ठेवलेलं मुसळ. तिसऱ्या खोलीत उजेड नव्हता. भिंतीतलं धान्याचं बळद तेवढं अंधुक दिसत होतं.

तनुजा मेजासमोर हात जोडून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. "याच मेजावर तो धडा लिहिला असणार, मामा."

पुंजाराम तिसऱ्या खोलीच्या दाराची चौकट बघत होता. सागवानाची, जाडजूड. उभ्या लाकडाला एका जागी खोलगट खळगा पडला होता. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या.

"दार बुटकं," सांडू मागून म्हणाला. "डोकं लागायचं येता-जाता."

डोकं लागतं ते वरच्या लाकडाला. हा खळगा बाजूला होता, बाईमाणसाच्या कानाच्या उंचीवर. पुंजारामनं त्यावरून बोट फिरवलं आणि पटकन काढून घेतलं.

"मास्तरांची बायको म्हणजे तुमच्या आत्या ना?" तनुजानं विचारलं. "त्यांचा फोटो नाही कुठं?"

"आत्याच्या आधीबी झाल्या होत्या. आत्याच्या मागूनबी." सांडूनं धोतराच्या सोग्यानं मेज पुसलं. "बायका काय टिकल्या नाहीत मास्तरांना."

"कशानं गेल्या?"

"घरातच," सांडू म्हणाला.

मग त्यानं पुंजारामचा दंड धरून त्याला मधल्या उंबऱ्यापाशी आणलं. "पाव्हणं, तुमचे गुडघे दुखत्यात. तुम्ही इथं टेका. मास्तरांचे वडीलबी इथंच बसायचे. देवमाणूस. घरात काय बी होवो, ह्या कानाचं त्या कानाला केलं नाय त्यांनी."

उंबऱ्याचा दगड बसून बसून खोलगट झाला होता. पुंजाराम बसला. दगड त्याच्या अंगाला बरोबर लागला, मापानं केल्यासारखा. गुडघ्यांची कळ एकदम थांबली. इतकं आरामाचं बसणं त्याला घरीही कधी मिळालं नव्हतं.

तेवढ्यात खुर्ची करकरली. गोकुळ मास्तरांच्या खुर्चीत बसला होता.

"अहो उठा, बसू नका म्हणून लिहिलंय तिथं," तनुजा हसत म्हणाली.

"माझ्या घरात मला कोण उठवतं?"

तिला गंमत वाटली. पुंजारामलाही वाटली, तो हसलाही. गोकुळ मात्र हसला नाही. त्यानं दोन्ही हात मेजावर पालथे ठेवले आणि बायकोकडं असं पाहिलं, जसं ओल धरलेल्या भिंतीकडं बघतात.

"बसा मालक," सांडू म्हणाला आणि बाहेर गेला.

४

जेवायला ते ओसरीवर बसले. तनुजानं धपाटे वाढले. गोकुळनं एक घास खाल्ला, चावला आणि थाळी उचलून अंगणात भिरकावली. दही भिंतीच्या चुन्यावरून ओघळलं.

सोनिया घाबरून हसली, कारण बाबांनी काही केलं की हसायचं असतं हे तिला माहीत होतं.

"काय झालं हो?" तनुजा हळूच म्हणाली. "खारट झालं का?"

करडू थाळीच्या आवाजानं बुजलं होतं. दावं सैल होतं, ते सुटून सांडलेलं खायला आलं आणि गोकुळच्या पायाशी घोटाळलं. गोकुळनं त्याला लाथ मारली. हुसकवायला मारतात तशी नाही. नीट उभं राहून, नेम धरून, पुन्हा एकदा. काडी मोडल्यासारखा आवाज आला. करडू किंचाळलं, लेकरासारखं, आणि पुढच्या पायावर कोसळून तिथंच फिरत राहिलं.

सोनियानं तोंडावर हात दाबला.

"गोकुळ!" पुंजारामचा आवाज निघाला, पण बारीक. "अरे, काय करतो? मुकं जनावर हाय."

"दादा, तुमी बसा."

दादा म्हणाला, म्हणजे आपलाच पोरगा आहे, असं पुंजारामला वाटलं. रात्रपाळीचं जागरण आहे. ऊन लागलं असेल. डोक्यावरून ती टोपी काढली तर जरा बरं वाटेल. टोपी काढ म्हणावं का? पण सांडू तिथंच खांबाला टेकून उभा होता, आणि त्याच्यादेखत आहेराची टोपी काढायला लावायची म्हणजे त्याचा अपमान. एवढी एक गोष्ट त्याला त्या वेळी मोठी वाटली. पुढं कित्येक दिवस त्याला याचीच शरम वाटत राहिली.

तनुजानं डबे गोळा केले. तिचा आवाज शाळेतला होता, शांत. "चला. निघू या आपण. सोनिया, गाडीत बस."

"आत ये," गोकुळ म्हणाला.

"घरी गेल्यावर बोलू."

"घरीच आहेस. आत ये."

तो ओरडला असता तर ती कदाचित गेली नसती. तो हळू बोलला. लेकरासमोर तमाशा नको म्हणून ती उठली. पुंजारामच्या जवळून जाताना तिनं त्याच्याकडं पाहिलं. तोही तिच्या मागून आत गेला, पण मधल्या उंबऱ्यापर्यंतच. तिथं त्याचे पाय आपोआप वाकले आणि तो बसला.

तिसऱ्या खोलीचं दार लागलं. आतून कडी पडली.

५

पहिला आवाज धुणं आपटल्यासारखा होता.

काहीतरी पडलं असेल, पुंजाराम मनाशी म्हणाला.

"अहो," तनुजाचा आवाज आला. "अहो, काय करताय? माझं ऐका तरी."

पुन्हा तसाच आवाज. मग लाकडावर काहीतरी आदळलं, आणि दाराची चौकट हलली. वरून धाब्याची माती भुरभुरली. ती त्याच्या खांद्यावर पडली. त्यानं ती झटकलीही.

उठायला पाहिजे. हे त्याला कळत होतं. पण दगड गार होता, गुडघे दुखत नव्हते, आणि डोक्यात कुणीतरी अगदी समजुतीनं बोलत होतं. नवरा-बायकोचं आहे. आपण मधे पडू नये. म्हाताऱ्यानं मधे पडलं की वाढतं. थोड्या वेळानं थांबेल. नंतर तिला हळद लावून देऊ. आवाज परका असता तर तो भ्याला असता. आवाज त्याचाच होता. हीच वाक्यं तो कुंड्यांना पाणी घालताना कितीदा बोलला होता.

आत तिनं आता बोलणं सोडलं होतं. फक्त श्वास ऐकू येत होता, बुडत्या माणसाचा असतो तसा, आणि त्या श्वासाच्या मधे मधे मार. घाई नाही. राग नाही. दळण दळल्यासारखा एका लयीत.

सोनिया ओसरीवरून आत आली. "आजोबा, आई..."

पुंजारामनं तिचा हात धरला आणि तिला खाली ओढून शेजारी बसवलं. "बस इथं. हूं नाय की चूं नाय. वरडलीस तर तुलाबी बोलावतील."

हे आपण बोललो, हे त्याला बोलल्यावर कळलं. असं त्याच्या घरात कधीच कुणी बोललं नव्हतं.

आणि पोरगी बसली. रडली नाही, हात सोडवला नाही. तिनं गुडघे पोटाशी घेतले, डोकं त्यात घातलं आणि दोन्ही तळव्यांनी कान झाकले. झटक्यात. रोजची सवय असल्यासारखी.

हे पुंजारामला बघवलं नाही. करडाचं बघवलं, दाराचं हलणं बघवलं, पण लेकराचं ते नीट कान झाकून बसणं त्याच्या काळजात सुरीसारखं गेलं. इतकी शहाणी ती कधी झाली? कुणी शिकवलं तिला?

त्यानं दगडावर हात टेकले आणि जोर लावला. दगडानं त्याला धरलं. गुडघ्यांतली सगळी कळ एकदम परत आली, जिवंत हाडात खिळा ठोकावा तशी. तो ओरडला. जन्मात पहिल्यांदा ओरडला, आणि उभा राहिला.

६

मुसळ हातात कसं आलं ते त्याला आठवत नाही. दाराच्या फळीवर त्यानं ते मारलं. कडी जुनी होती. दुसऱ्या घावाला सुटली.

आत अंधार होता आणि ओल्या लोखंडाचा वास. तनुजा बळदाच्या कोपऱ्यात खाली होती. डोक्यावर हात घेतलेले. तिची वेणी गोकुळच्या मुठीला गुंडाळलेली, आणि त्याचा दुसरा हात वर जात होता, खाली येत होता. त्याचं तोंड पुंजारामला दिसलं. ते रागीट नव्हतं. पोरगा रडत होता. गालांवरून पाणी वाहत होतं आणि हात चालूच होता.

आणि भिंतीला लागून बायका उभ्या होत्या.

किती, ते त्यानं पाहिलं नाही. लुगड्यांचे काठ दिसले, उघडे पाय दिसले, एकीचा कान जिथं असायला पाहिजे तिथं नव्हता. त्या तनुजाकडं बघत नव्हत्या. गोकुळकडंही नाही. सगळ्या दाराकडं बघत होत्या. म्हाताऱ्याकडं. जसं काही फार दिवसांपासून त्या याच दाराकडं बघत होत्या आणि आता दारात कोण आलं ते त्यांना पटत नव्हतं.

पुंजारामनं मुसळ हाणलं. गोकुळच्या दंडावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मुसळातून त्याच्या तळव्यांपर्यंत आला. मूठ सुटली. वेणी सुटली. टोपी उडून पडली. गोकुळ भिंतीवर आदळून खाली बसला आणि "दादा" म्हणाला. आता तो त्याचाच आवाज होता, लहानपणी ताप आला की यायचा तो.

पुंजारामनं पुन्हा मारलं. खांद्यावर. पुन्हा. बरगडीवर. अंगात कसलासा ऊबदार जोर आला होता, आणि हात हलका झाला होता, फार हलका. त्यानं मुसळ पोराच्या डोक्यावर उचललं.

"मामा!" तनुजानं त्याच्या पायाला मिठी मारली. तिच्या तोंडात रक्त होतं, शब्द धड फुटत नव्हता. "मामा, पुरं. ते आलेत. ते परत आलेत, मामा. बघा तरी."

मुसळ खाली घ्यायला त्याला वेळ लागला. तोवर भिंतीपाशी कुणी नव्हतं.

७

ओसरीवर सांडू करडाच्या पायाला चिंधी बांधत बसला होता. त्यानं मान वर करून त्यांना पाहिलं. एक बाई रक्तानं भरलेली, एक माणूस हात लोंबकळत असलेला, त्या दोघांना धरून बाहेर आणणारा म्हातारा, आणि म्हाताऱ्याच्या सदऱ्याला धरून पोरगी.

"तुम्ही उठलात, पाव्हणं," तो म्हणाला. चिंधीची गाठ त्याच्या हातून सुटली. "कोणी उठत नव्हतं."

पुंजारामला त्याला विचारायचं होतं. कोणी म्हणजे कोण? किती माणसं आणून बसवलीस इथं? पण त्याला माहीत होतं की विचारायला थांबलं तर बसावं लागेल.

गाडी तनुजानं चालवली, एका डोळ्यानं. दुसरा सुजून बंद झाला होता. मागं गोकुळ पडला होता आणि पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, "तनू, तुला कोणी मारलं? दादा, हिला कोणी मारलं?" बिडकीनच्या फाट्यावर तनुजानं आरशात पाहिलं.

"तुम्ही," ती म्हणाली. खोटं ती कधी बोलायची नाही.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं तेव्हा गोकुळच आधी बोलला. बायकोला मी मारलं. मला वडलांनी मारलं. डॉक्टरनं तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं. असलं काही घडेल अशी ती माणसं वाटत नव्हती.

८

आता त्यांच्या पुंडलिकनगरच्या घरातून रविवारी कुणी कुठं जात नाही. गोकुळचा हात पुरता सरळ झाला नाही. तो तसाच उठून चहा टाकतो, डाव्या हातानं. तनुजा तो पिते. रात्री ती सोनियाच्या खोलीत निजते, आणि आतून कडी लाव म्हणून गोकुळच तिला सांगतो. कडी पडल्याचा आवाज ऐकल्याशिवाय त्याला झोप येत नाही. तिनं त्याला सोडलं नाही. माफ केलं का, ते पुंजारामनं विचारलं नाही.

पुंजारामला स्वतःचंच कोडं सुटत नाही. पहिला घाव सुनेला सोडवायला होता, हे तो कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेल. पुढचे घाव कशासाठी होते? हात इतका हलका का झाला होता? घरानं केलं म्हणावं, तर घरात त्याच्या आवाजात कोण बोलत होतं? तो कुंड्यांना पाणी घालतो आणि विचार करतो. आणि कुठं आवाज झाला की हातातला तांब्या टाकून उठतो. भांडं पडलं तरी उठतो. सोनियाची कंपासपेटी पडली तरी उठतो. गुडघे आता फार वाईट झालेत, पण तो बसून ऐकत नाही.

परवा दुपारी सगळे कामाला, शाळेला गेले होते. तो एकटा गॅलरीत होता. वरच्या मजल्यावरून आवाज आला. धुणं आपटल्यासारखा.

वर नवीन माणसं राहायला आली होती. कंपनीतला तरुण माणूस, त्याची बायको. जिन्यात भेटले की दोघं वाकून नमस्कार करायची. काही पडलं असेल, असं कुणालाही वाटलं असतं. पुन्हा आवाज आला. मग मधेच एक श्वास, आणि पुन्हा तसाच, घाई नसलेला.

पुंजाराम कठड्याला धरून जिना चढला. प्रत्येक पायरीला डोक्यातला तो समजुतीचा आवाज त्याला खाली बस म्हणत होता. नवरा-बायकोचं आहे. परकी माणसं आहेत. त्याला वाईट वाटेल. तो चढत राहिला. हातात काही नव्हतं. काही घ्यायचं नाही, हे त्यानं खालीच ठरवलं होतं, कारण स्वतःच्या हाताची त्याला खात्री नव्हती.

त्यानं दार वाजवलं.

आतला आवाज थांबला.

"कोण हाय?" माणसाचा आवाज आला, अगदी साधा.

"मी खालचा म्हातारा," पुंजाराम म्हणाला. "दार उघड, बाळा. मी बसणार नाय. इथंच उभा हाय."

मग कुणीतरी दाराकडं चालत आलं आणि कडीवर हात ठेवला. पुंजाराम मागं सरकला नाही.